तीन, चार, सहा

सकाळी सव्वानऊला प्रयोगशाळेतला फोन वाजला. आक्कांनी तो डाव्या हातानं उचलला, कारण उजव्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात कुणाच्या तरी शरीराचा तांदळाएवढा तुकडा.

"आक्का, उभ्या असाल तर बसा," गळ्याचे सर्जन म्हणाले. "त्या शाळेच्या बाई. दहा दिवसांपूर्वी मी त्यांची स्वरपेटी काढली."

"हो. रोज विचारपूस करते मी त्यांची."

"काढलेल्या पेटीचा निकाल शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेतून आलाय. तिला काही झालेलंच नव्हतं. साधी सूज. आक्का, मी एका धडधाकट बाईचा आवाज कापून टाकला."

आक्कांनी तुकडा आधी जाळीच्या डबीत ठेवला, झाकण लावलं आणि मगच त्या बसल्या. तंत्रज्ञ म्हणून एकतीस वर्षांची सवय. आभाळ कोसळलं तरी हातातला नमुना आधी जागेवर.

साडेनऊपर्यंत अर्धं कोडं सुटलंही. महिन्याभरापूर्वी ज्या बुधवारी बाईंच्या गळ्याचा तुकडा तपासायला आला, त्या दिवशीच्या काचपट्ट्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहिल्या. त्या बुधवारी गळ्याचे तीनच नमुने आले होते. क्रमांक तीन, शाळेच्या बाई. क्रमांक चार, एक शिंपी. क्रमांक सहा, एक माळी. तीनच्या पट्टीवर रोग होता, चारच्या पट्टीवर होता, सहाची पट्टी स्वच्छ होती. शिंप्याचा निकाल बरोबर होता, त्याचे उपचारही चालू होते. म्हणजे अदलाबदल झाली होती ती तीन आणि सहाची. बाईंचा निरोगी तुकडा माळ्याच्या नावावर गेला आणि माळ्याचा रोग बाईंच्या.

माळ्याला गाडी पाठवून बोलावून घेतलं. तो स्वतःच्या पायांनी आला, पण मानेवर लिंबाएवढी गाठ घेऊन आला. सर्जननी गाठ चाचपली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. माळ्याची बायको त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"कुणी केलं?" हा एकच प्रश्न उरला होता. साहेबांकडे त्याचं उत्तर तयार होतं.

"धाकटीनं. दुसरं कोण?" ते म्हणाले. "कुप्यांतून तुकडे काढून जाळीच्या डब्यांत भरले तिनं. तिचं लक्ष नव्हतं. पाच वाजता वरिष्ठ येतायत. तोवर चौकशीचा कागद तयार करा, आक्का, आणि खाली सही करा. मुलगी नोकरीतून जाईल, पुढचं पोलीस बघतील."

"मी आधी विचारपूस करते."

"काय विचारणार?"

"ते विचारल्यावर कळेल."

साहेबांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "पाच."

---

धाकटी प्रयोगशाळेतली सगळ्यांत नवी तंत्रज्ञ. दीड वर्ष झालं होतं तिला. ती स्टुलावर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होती, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

"रडून झालं?" आक्कांनी विचारलं.

"झालं."

"मग सांग. डबा आला तेव्हापासून."

"डबा खिडकीतून आला. मी टेबलावर ठेवला. कडी माझ्याकडे, नेहमीसारखी. झाकण उघडलं. आत ट्रे. ट्रेमध्ये तीन ठोकळे, तीन कुप्या."

"ठोकळे कसे होते?"

"कसे म्हणजे? ओळीनं. डावीकडून तीन, चार, सहा."

"नक्की?"

"आक्का, मी आकडे मोठ्यानं वाचत नाही, पण डोळ्यांनी दोनदा वाचते. तुम्हीच शिकवलंय. तीनमधली कुपी काढली, तुकडा डबीत, डबीवर पेन्सिलीनं तीन. मग चार. मग सहा. एका वेळी एकच कुपी उघडी." तिचा आवाज चिरकला. "देवाशपथ, मी तीनलाच तीन लिहिलं."

"देवाला मध्ये आणू नकोस, त्याला आज बरीच कामं आहेत. जेवलीस?"

"नाही."

"जेव."

आक्कांनी डबा पुढ्यात ओढला. जुना पत्र्याचा डबा, एका बाजूला कडी, आत ट्रे. ठोकळे मिस्त्रीनं वर्षांपूर्वी करून दिलेले: जाड, काचेसारख्या आरपार प्लॅस्टिकचे, वर कुपी घट्ट बसेल एवढं भोक, खालचा भाग भरीव. त्या भरीव भागावर पुढच्या बाजूनं आकडा कोरून त्यात लाल रंग भरलेला. कुपी इतकी लहान की तिच्यावर चिठ्ठी टिकत नसे, औषधानं शाई उतरायची. म्हणून आकडा ठोकळ्यावर, आणि तोच आकडा नावाच्या कागदावर. आक्कांनी तीनदा अर्ज दिला होता, की मोठ्या कुप्या आणा आणि कुपीवरच नाव लिहा. साहेबांनी तिन्ही वेळा शेरा मारला होता, 'ठोकळे असताना गरज नाही.'

एकूण ठोकळे सात. एक आणि दोन लहान मुलांच्या वॉर्डाकडे असत. पाचला तडा गेला होता. म्हणून बुधवारी तीन रोगी आले की तीन, चार आणि सहा. चौथा आला तरच सात.

ट्रेच्या एका टोकाला खाच होती आणि डब्याच्या तळाला खीळ. खाचेत खीळ बसली की ट्रे हलत नसे. खीळ पितळेची होती. पिवळीजर्द. डब्याच्या बिजागऱ्या मात्र काळवंडलेल्या.

आक्कांनी खिळीवरून अंगठा फिरवला आणि डबा बंद केला.

---

नमुने घेण्याची खोली थोरल्या सिस्टरांच्या ताब्यात होती. आक्का आणि त्या एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या. एका डब्यात जेवलेल्या, एकमेकींच्या मुलींच्या लग्नात राबलेल्या.

"ये," सिस्टर म्हणाल्या. "तुला चौकशीवर नेमलंय म्हणे. आता मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार का?"

"पिंजरा धुवायला टाकलाय. बसूनच सांग. त्या बुधवारी कुप्या कुणी भरल्या?"

"मीच. डॉक्टरांनी तुकडा दिला, मी कुपीत टाकला, कुपी ठोकळ्यात, नावाच्या कागदावर आकडा. बाईंचा तीन. शिंप्याचा चार. माळ्याचा सहा. मग भरलेला ट्रे डब्यात, डबा बंद."

"चुकून बाईंची सहात?"

"एक रोगी बाहेर जाईपर्यंत दुसरा आत येत नाही माझ्याकडे. एका वेळी एकच कुपी. तुलाही ठाऊक आहे ते."

आक्कांना ठाऊक होतं. हीच ती अडचण होती. इकडे तीनला तीन, तिकडे तीनला तीन. दोघीही खरं बोलत होत्या, असं त्यांचं मन सांगत होतं. मग मधल्या चाळीस पावलांत काय घडलं?

"डबा वाटेत कुणी उघडला?"

"सील असतं. सील शाबूत होतं, धाकटीनं सही केलीय तशी."

"आणि ट्रे? खीळ-बीळ सगळं ठीक होतं?"

"खिळीला काय धाड भरलीय? डबा आला तेव्हापासून आहे तश्शी आहे ती."

आक्का उठल्या. जाता जाता खिडकीशी थबकल्या.

"इथं कुंडी होती ना गं? माळ्यानं दिलेली. निकाल चांगला आला म्हणून आणली होती बिचाऱ्यानं."

"वाळली," सिस्टर म्हणाल्या. "ठेवली बाहेर."

कुंडी जिन्याखाली होती. रोप अजून हिरवं होतं, फक्त तहानेनं मान टाकलेली. आक्कांनी नळाखाली धरून तिला पाणी घातलं आणि तिथंच ठेवली.

---

दुपारी त्या शाळेच्या बाईंच्या खाटेशी गेल्या. त्यांना काय विचारायचं ते ठरलं नव्हतं. खरं तर काही विचारायला तोंडही नव्हतं.

बाईंच्या गळ्याला पट्टी होती आणि पट्टीतून श्वासाची नळी. त्यांच्या मांडीवर लिहायला आरपार प्लॅस्टिकचा तक्ता होता. पहिलीची मुलं अक्षरावर ठेवून गिरवतात, तसा. शाळेतूनच आला होता. बाई तो समोर उभा धरून लिहायच्या आणि मग वळवून दाखवायच्या.

"तुम्हाला सांगितलं ना सगळं?" आक्कांनी विचारलं.

बाईंनी मान हलवली. सांगितलं.

"काय बोलावं ते मला सुचत नाही."

बाईंचा चेहरा किंचित हलला. हसू होतं ते. त्यांनी बोट स्वतःकडे केलं: मलाही. मग तक्ता उभा धरून त्या लिहू लागल्या. त्यांच्या पाठीमागच्या खिडकीतून ऊन येत होतं आणि आक्कांना उलट्या बाजूनं अक्षरं उमटताना दिसत होती. काना डावीकडे, वेलांटी भलतीकडे. काहीच लागेना. फक्त मधले दोन आकडे वाचता आले.

"छत्तीस?" आक्का म्हणाल्या. "छत्तीस काय?"

बाईंनी चमकून तक्ता वळवला. लिहिलं होतं: 'माझ्या वर्गात ३६ मुलं आहेत. रोज हजेरी मी घेते.'

आणि खाली घाईनं: 'उलटं कसं वाचलंत?'

आक्कांनी तक्ता हातात घेतला. पुढून पाहिला. मागून पाहिला. अक्षरं मागून गिचमिड होत होती. आकडा होत नव्हता. पुढून छत्तीस, मागूनही छत्तीस.

त्यांनी घड्याळ पाहिलं.

"बाई, हा तक्ता मला पाच वाजेपर्यंत द्याल? नाही, नको. तुमची वाचा आहे ती. तुम्हीच चला. चाकाच्या खुर्चीतून नेते."

बाईंनी लिहिलं: 'कळलं का?'

"कसं झालं ते कळलं. पण परत काहीच यायचं नाही त्यानं."

बाईंनी ते वाक्य ऐकून घेतलं आणि चपला शोधायला पाय खाली सोडले.

साडेतीनला आक्का कार्यशाळेत गेल्या. मिस्त्री एका लटपटत्या सलाइन-स्टँडला नवं चाक बसवत होता.

"मिस्त्री, डब्याची खीळ कधी बसवलीत?"

"कमाल झाली. आजवर नळ गळल्याशिवाय मला कुणी काही विचारलं नव्हतं." त्यानं भिंतीवरची वही काढली. "त्या बुधवारनंतरच्या, पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी. जुनी मुळापासून तुटली होती. मोडली नव्हती हं, पक्कडीनं तोडलेली. पोलादाची शिल्लक नव्हती, पितळेची बसवली. कुणी सांगितलं तेही लिहिलंय."

आक्कांनी नाव वाचलं. वही मिटली.

"बाईंचं ऑपरेशन त्यानंतर किती दिवसांनी झालं, मिस्त्री?"

"मला काय ठाऊक?"

"बारा," आक्का म्हणाल्या.

---

पाच वाजता साहेबांच्या खोलीत सगळे जमले. वरिष्ठ, साहेब, सर्जन, थोरल्या सिस्टर, दाराशी मिस्त्री, कोपऱ्यात धाकटी. खिडकीशी चाकाच्या खुर्चीत शाळेच्या बाई. टेबलावर डबा.

"सही झाली का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. आधी एक विचारते. धाकटे, इकडे ये. डबा उघड आणि आकडे वाच. मोठ्यानं."

धाकटीनं कडी आपल्याकडे घेतली, झाकण उघडलं. "तीन. चार. सहा."

"साहेब, तुम्ही वाचा."

"काय पोरखेळ आहे? तीन, चार, सहा."

"आता ट्रे बाहेर काढा आणि ठोकळ्यांवर बोट फिरवा. कोरलेली बाजू कुठं लागते?"

साहेबांनी बोट फिरवलं. पुढची बाजू गुळगुळीत होती. बोट पलीकडे गेलं आणि थांबलं.

"मागे," ते म्हणाले.

"ट्रे मी मागची बाजू पुढे करून उलटा ठेवलाय. खीळ मिस्त्रींनी आत्ता काढून दिली, म्हणून ठेवता आला. तुम्ही ज्याला तीन म्हणालात तो सहा आहे, मागून पाहिलेला. तीन आणि सहा ही एकमेकांची आरशातली रूपं. चार मागूनही जवळजवळ चारच. ट्रे उलटला की रांगही उलटते, म्हणून डावीकडून पुन्हा तीन, चार, सहा. एक, दोन, पाच, सात यांतला एक जरी ठोकळा त्या दिवशी ट्रेमध्ये असता, तरी आकडा वाकडा दिसला असता आणि ही पोर थबकली असती. पण त्या बुधवारी नेमके हे तीनच होते. तिनं डोळ्यांनी दोनदा वाचलं, दोन्ही वेळा चुकीचं वाचलं, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच वाचलं असतं."

धाकटी भिंतीला टेकली.

"पण मग ही कुणाचीच चूक नाही," वरिष्ठ म्हणाले.

"असं मलाही वाटावं, असं मला फार वाटत होतं." आक्कांचा आवाज हळू झाला. "ट्रे उलटा बसू नये म्हणूनच तिथं खीळ होती. ती कुणीतरी पक्कडीनं तोडली. आणि त्या बुधवारनंतर आठ दिवसांनी नवी बसवून घेतली. ज्या माणसानं बसवून घेतली, त्याला काय होऊ शकतं ते त्या दिवशी कळलं होतं. तेव्हा बाईंचा आवाज शाबूत होता. ऑपरेशनला बारा दिवस होते. माळ्याला गाठ नव्हती."

वरिष्ठांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"सकाळी मी एकीला विचारलं, खीळ कशी होती. ती म्हणाली, डबा आला तेव्हापासून तशीच आहे. काळा पडलेला डबा आणि त्यात सोन्यासारखी खीळ. मिस्त्रींच्या वहीत तिचं नाव आहे. पण मला वहीच्या आधीच कळलं होतं. कुणी चांगल्या मनानं दिलेलं हिरवं रोप ती खिडकीतून उचलून जिन्याखाली ठेवणार नाही. त्याच्याकडे बघवत नसेल, तरच ठेवेल."

थोरल्या सिस्टरांनी ट्रेकडे पाहिलं.

"ट्रे अडकायचा," त्या म्हणाल्या. "एकदा ओढताना कुपी फुटली. त्या रोग्याला पुन्हा भूल द्यावी लागली. साहेब सगळ्यांदेखत मला बोलले. दुसऱ्या दिवशी मी खीळ तोडली."

"आणि त्या बुधवारच्या पुढच्या बुधवारी?"

"चार रोगी होते. सातचा ठोकळा लागला. डबा बंद करताना कडीच्या बाजूनं पाहिलं तर सात उलटा. ट्रे फिरवला. आणि मग..." त्यांनी आक्कांकडे पाहिलं. "मग आठवलं, मागच्या बुधवारी तीन आणि सहा होते."

"मग चाळीस पावलं चालून मला का नाही सांगितलंस?"

"मागच्या वेळी सरळ ठेवला असेल, असं म्हटलं. रोज सकाळी म्हणायची, आज सांगते. मग ऑपरेशनचा दिवस आला. मीच त्यांना आत नेलं गं. त्या मला म्हणाल्या, सिस्टर, हात धरा."

सर्जननी तोंड फिरवलं. साहेबांच्या पुढ्यात आक्कांचे तीन जुने अर्ज ठेवलेले होते, शेऱ्यासकट. ते त्यांनी हळूच उलटे करून ठेवले. वरिष्ठांनी ते पाहिलं आणि पुन्हा सुलटे केले.

तेवढ्यात पेनाचा चरचर आवाज आला. शाळेच्या बाई लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी तक्ता वळवला नाही. तसाच उभा धरून ठेवला.

थोरल्या सिस्टरांना समोरून काही वाचता येईना. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून बाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि बाईंच्या खांद्यावरून त्यांनी वाचलं.

'घरी मुलगी माझी वाट बघते. तिला मी कशी हाक मारू?'

सिस्टरांनी तोंड उघडलं. बाई मान वळवून थांबल्या, उत्तर न येणाऱ्या मुलासाठी थांबतात तशा. मग रुमालानं तक्ता पुसला.

---

सिस्टरांना त्याच संध्याकाळी पोलीस घेऊन गेले. आक्का फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर चालल्या, त्यांची पिशवी हातात घेऊन. दोघींचा कधी छत्तीसचा आकडा नव्हता. आजही नव्हता. फाटकाशी त्यांनी पिशवी सिस्टरांच्या हातात दिली.

माळ्याच्या गळ्यावर उपचार सुरू झाले. किती उपयोग होईल, असं त्याच्या बायकोनं विचारलं. सर्जन म्हणाले, बघू. कुंडी आक्कांनी त्याच्या खाटेशी नेऊन ठेवली. त्यानं पडल्या पडल्या माती बोटानं चाचपून पाहिली आणि म्हणाला, "पाणी जास्त झालंय."

पुढच्या बुधवारी मोठ्या कुप्या आल्या. वर नाव लिहिता येईल अशा. तरी आक्कांनी एक नेम घालून दिला. नमुन्याच्या खोलीतून डबा देणारीनं आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि घेणारीनं तो मोठ्यानं परत म्हणायचा. कुणी हसलं तर हसू दे.

"तीन," खिडकीपलीकडून नवी सिस्टर म्हणाली.

"तीन," धाकटी म्हणाली.

कानानं ऐकलेला तीन कुठल्याही बाजूनं तीनच होता.

"चार."

"चार."

आक्कांना दाराशी सावली दिसली. शाळेच्या बाई होत्या. आज त्यांना घरी सोडणार होते. हातात पिशवी, काखेत तक्ता. निरोप घ्यायला आल्या असाव्यात. पण त्या आत आल्या नाहीत. उंबऱ्यावरच उभ्या राहून ऐकत होत्या.

"सहा."

"सहा."

बाईंचे ओठ प्रत्येक आकड्याबरोबर हलत होते.